कापलेल्या डॅशबोर्डात कोणता रेडिओ बसवावा? जुन्या फियाट, अँबेसेडर आणि जीपवाल्यांसाठी

मराठवाड्यात आज ज्या जुन्या पद्मिनी, अँबेसेडर, कॉन्टेसा आणि महिंद्राच्या जीपा रस्त्यावर आहेत, त्यांतल्या फार थोड्यांचा डॅशबोर्ड कारखान्यातून आला तसा उरलाय. कॅसेटच्या काळात कुणीतरी पत्रा कापून टेप बसवला. पुढच्या मालकानं सीडी प्लेअरसाठी तेच भोक वाढवलं. त्यानंतर कुणी सागवानी फळी लावली, कुणी फायबरचा डॅश करून घेतला. गाडी तुमच्याकडे येते तेव्हा मधोमध एक वाकडं भोक असतं, मागे रंगीबेरंगी वायरींचा गुंता असतो आणि कुठली वायर कुठे जाते हे सांगणारा माणूस कधीच गाव सोडून गेलेला असतो.

अशा गाडीला रेडिओ घ्यायचा तर दुकानात सगळ्यात शेवटी जावं. भोक केवढं आहे, मागे खोली किती आहे, गाडीत वीज किती आणि कुठल्या दिशेची आहे, एरियल कुठे लागेल, या चार गोष्टी आधी कागदावर हव्यात. त्या नसतील तर दुकानदार त्याच्याकडचा माल विकतो आणि फिटर तो बसवण्यासाठी पत्रा आणखी कापतो. कापलेला पत्रा परत जोडणं किती अवघड असतं ते कुठल्याही डेंटरला विचारा. म्हणून एक नियम धरूनच पुढे जाऊ: या कामात डॅशबोर्डाला एकही नवं भोक पाडायचं नाही.

आधी काय कापलंय ते ओळखा

मूळ जुन्या रेडिओला दोन बाजूंना दोन नॉब आणि मध्ये काट्याची काच असायची. त्यासाठी डॅशमध्ये दोन गोल भोकं आणि मध्ये एक आयताकृती खाच असे. ही रचना शाबूत असेल तर तुम्ही नशीबवान आहात, तिला हात लावू नका. दोन नॉबांचे नवे रेडिओ मिळतात. त्यांच्या नॉबांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं आणि आत ब्लूटूथ, यूएसबी सगळं असतं. ते बहुतेक बाहेरून मागवावे लागतात आणि महाग पडतात, पण न कापलेला डॅश त्याहून मोलाचा आहे.

बहुतेक गाड्यांत मात्र पुढचे प्रकार दिसतील. सिंगल डिनची (डिन हे रेडिओच्या खाचेचं ठरलेलं माप) खाच, म्हणजे साधारण १८२ मिलिमीटर रुंद आणि ५३ मिलिमीटर उंच. कॅसेटच्या जमान्यापासून हेच माप जगभर चालत आलंय. दुसरी डबल डिनची खाच: रुंदी तीच, उंची जवळपास दुप्पट, १०० ते ११० मिलिमीटर. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त भेटतो आणि तो कुठल्याच मापात बसत नाही. छिन्नीनं किंवा कटरनं अंदाजे कापलेलं, एका बाजूला तिरकं, कोपरे फाटलेलं भोक. चौथ्या प्रकारात डॅश वाचवून खाली पट्ट्यांवर टेप टांगलेला असतो. तो दिसायला बरा नसतो, पण ज्यानं तसा टांगला त्यानं गाडीवर उपकारच केलेत.

फळीच्या किंवा फायबरच्या डॅशमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पत्र्याच्या डॅशमध्ये रेडिओची चौकट आपोआप बॉडीला टेकते आणि अर्थ, म्हणजे वीज बॅटरीकडे परत जायची वाट, मिळतो. लाकूड आणि फायबर वीज नेत नाहीत, म्हणून तिथे अर्थची वेगळी वायर ओढावी लागते. फायबर डॅशमधला रेडिओ मधूनच बंद पडतो, ही तक्रार बऱ्याचदा इथूनच सुरू होते.

माप घेण्याची पद्धत

रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. उंची दोन्ही टोकांना मोजा. प्रत्येकीतलं सगळ्यात लहान माप खरं धरा.

खोली मोजणं लोक हमखास विसरतात. एक सरळ लाकडी पट्टी भोकातून आत घाला, मागे काहीतरी लागेपर्यंत सरकवा, डॅशच्या कडेला पेन्सिलनं खूण करा. वायपरची मोटर किंवा तिचा दांडा, स्पीडोमीटरची केबल, हवेचा पाइप, स्टिअरिंगच्या नळीचा आधार यांपैकी काहीतरी आड येईलच. हँडल गिअरच्या फियाट-अँबेसेडरमध्ये नळीवरचा गिअरचा दांडाही बघा. प्रत्येक गिअर टाकून हात डॅशच्या किती जवळ येतो ते पाहा, नाहीतर पुढे आलेल्या नॉबवर बोटं आपटतील. मिळालेल्या खोलीतून ४० मिलिमीटर वजा करा. तेवढी जागा मागचा सॉकेट, एरियलची पिन आणि वायरींचं वळण खातं. स्पीडोमीटरची केबल रेडिओला घासत असेल किंवा दाबून वाकवावी लागत असेल तर ती जागा बाद समजा.

सीडी वाजवणारे जुने सेट साधारण १६० मिलिमीटर खोल असतात. सीडीची यंत्रणा नसलेले, फक्त रेडिओ-यूएसबी-ब्लूटूथवाले सेट पुष्कळदा १०० मिलिमीटरच्या आसपास संपतात. जुन्या गाडीसाठी हा फरक निर्णायक आहे. तुम्ही सीडी वाजवत नसाल तर उथळ सेटच घ्या. मागे मोकळी जागा राहते, हवा खेळते आणि पुढे दुरुस्तीला हात आत जातो.

बॅटरीची कुठली बाजू बॉडीला आहे?

रेडिओ जाळायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे ही तपासणी न करणं. बॉनेट उघडा आणि बॅटरीची कुठली जाड वायर बॉडीला बोल्ट केलीय ते बघा. आजचा प्रत्येक रेडिओ निगेटिव्ह बॉडीला आहे असं धरूनच बनवलेला असतो. पद्मिनीत सहसा तसंच सापडतं. पण साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असायचं. अँबेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली, त्यामुळे अगदी जुन्या अँबेसेडरमध्ये आणि त्या काळच्या मॉरिस, ऑस्टिन, हेराल्डमध्ये हे तपासल्याशिवाय एक वायरही जोडू नका. मधल्या काळात कुणी बदल केलाय की नाही हेही फक्त बघूनच कळतं.

पॉझिटिव्ह अर्थची गाडी निगेटिव्हवर नेता येते. बॅटरी उलटी जोडणं, इग्निशन कॉइलच्या वायरी अदलाबदल करणं, अँपिअर मीटरच्या वायरी फिरवणं आणि डायनॅमोला (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जुना जनरेटर) नवी दिशा ‘शिकवणं’ एवढं त्यात येतं. शेवटचं काम डायनॅमो कळणाऱ्या जुन्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. प्रत्येक तालुक्याच्या गावात ट्रॅक्टरचे डायनॅमो बांधणारा एक तरी असतोच, तोच योग्य माणूस.

विलिज जीप असेल तर व्होल्टही मोजा. युद्धकाळातल्या जीपा ६ व्होल्टच्या होत्या. तिथे ६ चे १२ व्होल्ट करणारा छोटा कन्व्हर्टर लागतो. रेडिओ १२ व्होल्टवर २ अँपिअर घेत असेल तर ६ व्होल्टच्या बाजूनं ४ पेक्षा थोडे जास्तच जातील, हे धरून वायर जाड घ्या.

गाडीत वीज किती आहे त्याचा हिशेब

डायनॅमोच्या जागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर असलेल्या गाडीत फारशी चिंता नाही. डायनॅमोच्या गाडीत हिशेब करावाच लागतो. त्या काळचा डायनॅमो पूर्ण वेगात साधारण २० ते २५ अँपिअर देतो आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं सुरू असताना, जवळजवळ काहीच देत नाही. ५५ वॉटचे दोन हेडलाइट ९ अँपिअर घेतात. मागचे दिवे, वायपर, इग्निशन धरलं तर रात्री पावसात फारसं काही उरत नाही. साधा हेड युनिट, म्हणजे डॅशमधला सेट, सामान्य आवाजाला १ ते ३ अँपिअर घेतो, तेवढं चालतं. डिकीत वेगळा अँप्लिफायर आणि सबवूफर लावला, वरातीत गाडी पायी चालणाऱ्यांच्या वेगानं नेली आणि गाणी मोठ्यानं लावली, तर लग्नघरापर्यंत पोचण्याआधीच बॅटरी बसेल. डायनॅमो असेल तर सबवूफरचा विचार सोडून द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

उभ्या गाडीचा हिशेब वेगळा. बहुतेक जुन्या गाड्या वाड्यात किंवा शेडमध्ये महिनोन्‌महिने उभ्या असतात. साधा सेट बंद असतानाही घड्याळ आणि मेमरीसाठी काही मिलिअँपिअर घेत राहतो. ५ मिलिअँपिअर धरले तर महिन्याला साडेतीन अँपिअर-तास, म्हणजे विशेष नाही. मोठ्या स्क्रीनचे काही अँड्रॉइड सेट झोपेतही २० मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्त घेतात. मग महिन्याला १४ अँपिअर-तासांच्या पुढे. ३५-४० अँपिअर-तासांच्या बॅटरीला हे दोन महिनेही झेपत नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर बसणारा फिरकीचा कट-ऑफ स्विच स्वस्तात मिळतो, तो लावाच. स्टेशनांची मेमरी बॅटरी काढली तरी राहते का, हे दुकानात विचारा.

ऐकायचं काय, यावर सेट ठरतो

मोबाइलवरचीच गाणी ऐकायची असतील तर हा भाग वरवर वाचला तरी चालेल. पण आपल्याकडे खरोखर रेडिओ ऐकणारे आहेत आणि जुन्या गाडीत आकाशवाणी लागली पाहिजे असं मनापासून वाटणारे तर पुष्कळच. त्यांच्यासाठी बारकावे आहेत.

छत्रपती संभाजीनगरची आकाशवाणी एफएमवर १०१.७ मेगाहर्ट्झला लागते. मध्यम लहरीवर, ज्याला सेटवर एएम किंवा एमडब्ल्यू लिहिलेलं असतं, परभणीचं स्थान १३०५ किलोहर्ट्झ. परभणीचे शेतीचे कार्यक्रम ऐकत मोठी झालेली पिढी अजून गाडी चालवते. एफएमच्या लहरी साधारण दृष्टीच्या रेषेत जातात. त्यामुळे शहर मागे पडलं, मांजरसुंब्याचा किंवा कन्नडचा घाट लागला की आवाज तुटतो. मध्यम लहर जमिनीच्या अंगानं खूप दूर जाते. बीड-परभणीच्या सपाटीवर तिचा उपयोग होतो तो यामुळेच.

आता खाचखळगे बघा. हल्लीच्या स्वस्त सेटमध्ये मध्यम लहर नसतेच, फक्त एफएम असतं. डब्यावर बघा. मध्यम लहर असली तरी भारतात स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी मांडलेली आहेत आणि अमेरिकेत १० च्या. अमेरिकेतून कुणी नातेवाइकानं आणलेला सेट १३०० वरून थेट १३१० वर उडी मारेल आणि परभणीचं १३०५ मध्येच राहून जाईल. सेटिंगमध्ये ‘प्रदेश’ बदलता येत असेल तर प्रश्न सुटतो, नसेल तर घेऊ नका. जपानमधून आलेल्या वापरलेल्या सेटची गोष्ट याहून वाईट. तिथला एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि जुन्या सेटवर ९० ला संपतो, म्हणजे १०१.७ त्यावर लागणारच नाही. जुन्या बाजारात असा सेट चकचकीत दिसतो, किंमतही मोहात पाडते. विकत घेण्याआधी काटा कुठपर्यंत जातो ते बघा.

मग कुठला सेट?

कापलेल्या डॅशसाठी माझी पहिली पसंती सिंगल डिन, उथळ, आवाजाला खराखुरा गोल नॉब असलेला साधा सेट. सोनी, पायोनियर, जेव्हीसी, केनवुड यांचे असे सेट मिळत आले आहेत. त्यात तीन गोष्टी बघा. दिव्यांचा रंग बदलता येतो का? जुन्या मीटरचा उजेड पिवळसर किंवा हिरवट असतो, त्याशेजारी निळा झगझगाट डोळ्यांत खुपतो. रात्री उजेड कमी करता येतो का? आणि पुढचा तोंडवळा काढून ठेवता येतो का? हा शेवटचा मुद्दा आपल्या उन्हाळ्यासाठी फार महत्त्वाचा, त्याकडे पुढे येतो.

डब्यावर ‘४ × ५० वॉट’ लिहिलेलं असतं, त्यानं हुरळून जाऊ नका. तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. सतत मिळणारी ताकद, म्हणजे आरएमएस, अशा सेटमध्ये प्रत्येक स्पीकरला साधारण १७ ते २२ वॉट भरते. पद्मिनीएवढ्या केबिनला ती भरपूर होते.

मोठ्या स्क्रीनचे अँड्रॉइड सेट मी सुचवत नाही. नकाशा आणि मागचा कॅमेरा त्यांत मिळतो हे खरं, आणि अँबेसेडर मागे घेताना कॅमेऱ्याची मदतही होते. पण जुन्या गाडीचा डॅश उभा असतो, समोरची काच जवळ असते, दुपारी स्क्रीनवर ऊन पडलं की काही दिसत नाही. सेट सुरू व्हायला वेळ घेतो, गरम होतो आणि त्या डॅशमध्ये तो परका वाटतो. डबल डिनचं भोक आधीच कापलेलं असेल तरीही त्यात सिंगल डिन बसवावा आणि उरलेल्या जागेत दोन गोल मीटर लावावेत: एक व्होल्टचा, एक ऑइल प्रेशरचा. डायनॅमोच्या गाडीत व्होल्टमीटर रेडिओपेक्षा जास्त कामाचा आहे.

भोक अगदीच वेडंवाकडं किंवा लहान असेल तर बोटींसाठी बनवलेले गोल रेडिओ बघा. तीन इंची गोल भोकात मीटरसारखे बसतात आणि पाणी-धूळ सोसतात. उघड्या जीपला याहून चांगलं काही नाही.

आणखी एक वाट आहे. मूळ रेडिओ बंद पडलेला पण दिसायला छान असेल, तर त्याला जागेवर तसाच ठेवा आणि ब्लूटूथचा लहान अँप्लिफायर सीटखाली किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये लपवा. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे बोर्ड मिळतात. जुन्या रेडिओच्या पेटीतच तो बोर्ड बसवून मूळ नॉबनं आवाज चालवून देणारे कारागीरही आहेत. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळ असण्यावर भर आहे. रेडिओ त्यात येत नाही, पण गाडी त्या वयाला पोचत असेल तर मूळ तोंडवळा राखण्याचं मोल वाढतंच.

ऊन आणि धूळ

मे महिन्यात परभणी, नांदेड, बीडला पारा ४२-४३ च्या पुढे जातो. बंद उभ्या गाडीत डॅशचा पत्रा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. बहुतेक सेट साधारण ६० अंशांपर्यंत चालतील अशा बेतानं बनवलेले असतात, आणि बंद गाडीतला डॅश ही मर्यादा सहज ओलांडतो. स्क्रीन काळी पडते, बटणांचं प्लास्टिक चिकट होतं, आतला चिकटपट्टीचा गोंद वितळतो. काढता येणारा तोंडवळा घरात किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला की निम्मी हानी टळते. तापलेल्या गाडीत बसल्याबरोबर सेट मोठ्यानं लावू नका. आधी काचा उघडून दोन-चार किलोमीटर जाऊ द्या.

काळ्या मातीची बारीक धूळ यूएसबीच्या तोंडात आणि नॉबच्या मागे बसते. यूएसबीला रबराचं झाकण असलेला सेट घ्या.

भोक झाकणारी पट्टी

हे काम मनापासून करण्यासारखं आहे, कारण गाडीचं रूप यानंच परत येतं. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना करा. भोकाच्या चारही बाजूंनी किमान १५ मिलिमीटर पत्रा झाकला जाईल एवढा तो मोठा असू द्या, आणि डॅशच्या मूळ रेषांशी त्याच्या कडा जुळवा. डॅशला गोलाई असेल तर पुठ्ठा त्यावर दाबून वाकण घ्या. मध्ये सेटच्या मापाची खाच कापा. हा पुठ्ठा दोन-चार दिवस टेपनं डॅशवर लावून ठेवा, रोज बघा, गाडी चालवून बघा. नॉबपर्यंत हात पोचतो का, गिअर टाकताना आड येतं का, ते यातच कळतं.

नमुना पटला की दीड मिलिमीटरचा लोखंडी किंवा तीन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंगचं जॉबवर्क करणारे असतात, एकट्या तुकड्यासाठीही विचारून बघायला हरकत नाही. जालना, लातूर, नांदेडला चांगला फॅब्रिकेटर कानशीनं हेच करून देईल, फक्त घाई करू नका. पट्टी डॅशच्याच रंगात रंगवा. काळी चकचकीत केली तर ठिगळ उठून दिसतं. ती मागून एल आकाराच्या पट्ट्यांनी आवळायची, पुढून स्क्रू नाही. कापलेल्या पत्र्याच्या उघड्या कडांना आधी कानस आणि मग गंजरोधक रंग लावा, आणि वायरी जिथून जातील तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कापू नये म्हणून बसवायची कडी, घाला.

सेटची लोखंडी चौकट खाचेत बसवून तिचे कान वाकवले की काम झालं असं समजू नका. सेटच्या मागे एक बोल्ट असतो, त्याला छिद्रांची पट्टी लावून ती फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) किंवा डॅशच्या मागच्या आधाराला बांधा. आपल्या रस्त्यांवर फक्त पुढच्या कानांवर लटकलेला सेट काही महिन्यांत खडखडायला लागतो.

स्पीकर

दारांना भोकं पाडू नका. पायाजवळच्या बाजूच्या पॅनेलमध्ये चार इंची, किंवा मागच्या काचेखालच्या फळीवर सहा बाय नऊ इंची अंडाकृती स्पीकर बसतात. मागची फळी नवीन प्लायची करून घ्या आणि जुनी जपून ठेवा. मागे सुटी पेटी ठेवली तर तेही चालतं.

डॅशमध्ये मूळ एकाच स्पीकरची जागा असेल तर त्यात दोन व्हॉइस कॉइलचा स्पीकर मिळतो. डावा आवाज एका कॉइलला, उजवा दुसऱ्या कॉइलला, आणि शंकू एकच. डावी-उजवी वायर एकत्र पिळून एका साध्या स्पीकरला देणं मात्र सेटसाठी घातक आहे.

इथे जुन्या गाड्यांमधला मोठा धोका सांगतो. जुन्या रेडिओंमध्ये स्पीकरची एक वायर थेट बॉडीला जोडलेली असायची. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींमध्ये वीज असते. जुनी वायरिंग तशीच वापरली आणि एक वायर बॉडीला लागलेली राहिली, तर सेटचा आउटपुट जातो. म्हणून प्रत्येक स्पीकरला सेटपासून दोन नव्या वायरी ओढा. स्पीकर ४ ओहमचे घ्या. स्पीकरची कुठली बाजू पॉझिटिव्ह हे कळत नसेल तर पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. शंकू बाहेर आला तर सेलची पॉझिटिव्ह ज्या टोकाला लागली होती तेच टोक पॉझिटिव्ह.

वायरिंग

आधी बॅटरीची अर्थची वायर काढा. मग आधीच्या फिटरच्या सगळ्या वायरी बाहेर काढा. त्यांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. नव्या सेटच्या वायरींचे रंग मात्र बहुतेक कंपन्यांत सारखे असतात. पिवळी कायमची १२ व्होल्ट, लाल चावीनंतरची, काळी अर्थ. पांढरी डावा पुढचा, करडी उजवा पुढचा, हिरवी डावा मागचा, जांभळी उजवा मागचा स्पीकर, आणि त्याच रंगावर काळी रेघ म्हणजे त्याची निगेटिव्ह. निळी एरियलच्या मोटरला किंवा अँप्लिफायरला. ती वापरायची नसेल तर टोकाला स्लीव्ह घालून बंद करा. तरी सेटवर चिकटवलेला तक्ता बघूनच जोडा.

पिवळी वायर जुन्या फ्यूज बॉक्समधून घेऊ नका. बॅटरीपासून दीड चौरस मिलिमीटरची नवी वायर ओढा आणि बॅटरीच्या अगदी जवळ १० अँपिअरचा फ्यूज लावा. सेटवर १५ चा लिहिलेला असेल तर तोच घ्या आणि वायर अडीचची करा. लालसाठी चावीच्या स्विचवरून निघणारी वायर शोधा. स्विच जुना, तापणारा असेल तर रिले लावा. अर्थची वायर फायरवॉलवर रंग खरवडून, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोपण) लावून, बोल्टनं आवळा. जोड पिळून टेप गुंडाळणं इथे चालणार नाही. डाग द्या किंवा दाबायच्या थिंबल वापरा, वरून हीटश्रिंक स्लीव्ह. उन्हाळ्यात काळी टेप पाघळते आणि जोड उघडे पडतात.

डॅशमध्ये घालण्याआधी सेट टेबलावर १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडून तासभर वाजवा. एफएम, ब्लूटूथ, यूएसबी, चारही स्पीकर सगळं बघा. नंतर बदलून मागण्यापेक्षा हे सोपं.

एरियल

चांगल्या सेटवर स्टेशन न लागण्याचं कारण बहुतेक वेळा एरियल असतं. मल्टिमीटर घ्या. पिनच्या टोकापासून एरियलच्या काडीपर्यंत सलग वाट मिळाली पाहिजे. पिनचं टोक आणि बाहेरची कडी यांच्यात अजिबात वाट नको. बाहेरची कडी आणि बॉडी यांच्यात पुन्हा सलग वाट हवी. तिसरी चाचणी बहुतेकदा नापास होते, कारण एरियलच्या बुडाखाली रंग आणि गंज असतो. तो काढा. फायबरच्या टपाच्या जीपला एरियल मडगार्डवर घ्या, लोखंडी पत्रा लागतोच.

मध्यम लहर ऐकणाऱ्यांनी जुन्या सेटवर एरियलजवळ लहान ट्रिमर स्क्रू आहे का ते बघावं. १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचं क्षीण स्टेशन लावून तो आवाज सगळ्यात मोठा होईपर्यंत फिरवायचा.

खरखर आली तर

इंजिन बंद ठेवून ऐका. मग सुरू करून ऐका. ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी शिट्टी म्हणजे डायनॅमो किंवा अल्टरनेटर. वेगाबरोबर जलद होत जाणारी कटकट म्हणजे इग्निशन. आता एरियलची पिन काढा. आवाज थांबला तर तो एरियलमधून येतोय, नाही थांबला तर वीजपुरवठ्यातून. एवढ्या दोन चाचण्यांनी निम्मं निदान होतं.

इग्निशनच्या खरखरीला रेझिस्टर असलेले प्लग किंवा कार्बन कोरच्या प्लग वायरी लावा. कॉइलच्या बॅटरीकडच्या टर्मिनलवर सप्रेशन कंडेन्सर बसवा. तो डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटच्या बाजूच्या टर्मिनलवर लावला तर गाडी चालेनाशी होते. डायनॅमोच्या शिट्टीला कंडेन्सर मोठ्या, आउटपुटच्या टर्मिनलवर लागतो. फील्डच्या छोट्या टर्मिनलवर लावला तर कटआउट, म्हणजे डायनॅमोची वीज सांभाळणारा डबा, बिघडतो. बॉनेट आणि बॉडीमध्ये विणीची अर्थ पट्टी जोडली तरी बराच फरक पडतो. पुरवठ्यातला आवाज राहिलाच तर पिवळ्या वायरीत चोक फिल्टर, म्हणजे पुरवठ्यातली खरखर गाळणारी कॉइल, घाला.

सगळं जमलं की कोणती वायर कुठून कुठे जाते याचा कागदावर नकाशा काढा, रंगांसकट. फ्यूज कुठे आहे, किती अँपिअरचा आहे, अर्थचा बोल्ट कुठला, तेही लिहा. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, आणि काढलेला जुना रेडिओ, नॉब, मूळ चौकट एका खोक्यात कोरड्या जागी ठेवा. महिनाभर गाडी चालल्यावर मागचा आधाराचा बोल्ट आणि अर्थचा बोल्ट पुन्हा एकदा आवळा.